वस्तऱ्याआधीचं पाणी

वस्तरा गालावर अडला की माणूस आधी धारेवर संशय घेतो. पातं पुन्हा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतो, धारेचा दगड बदलतो, पुढच्या खेपेला महागडं पोलाद मागवतो. पण दाढी राठ आणि दाट असेल तर बहुतेक वेळा धार ठीकच असते. केस पुरेसा भिजलेला नसतो. म्हणून या प्रकरणात वस्तरा चालवण्याबद्दल थोडंच येईल. पातं गालाला टेकण्याआधीच्या आठ-दहा मिनिटांत काय घडायला हवं आणि ते का, हा इथला विषय आहे. उघड्या वस्तऱ्याची दाढी चांगली होणार की वाईट, हे माझ्या मते तिथेच ठरतं.

ही पूर्वतयारी आपण विसरलो त्याला कारण आहे. 1903 साली किंग कॅम्प जिलेटचा सेफ्टी रेझर अमेरिकेत विक्रीला आला आणि पुढच्या वर्षी त्याला पेटंट मिळालं. पात्याला आडोसा मिळाला, कोन यंत्रानेच ठरवून दिला आणि पातं बोथट झालं की फेकून देण्याची सोय झाली. पुढे एका दांड्यावर दोन, तीन, पाच पाती आली. एका पात्याने अर्धवट सोडलेला खुंट दुसरं पातं कापतं, त्यामुळे केस नीट भिजला नसला तरी दाढी उरकते. घाईच्या माणसाला हे वरदानच होतं. उघड्या वस्तऱ्यात यातली एकही सवलत नाही. कोन हाताने सांभाळायचा, साधारण तीस अंशांचा, आणि तोही गालाच्या प्रत्येक वळणावर नव्याने. केसाने विरोध केला की हात नकळत जोर लावतो. तो जोर केसापाशी थांबत नाही, खालच्या कातडीत उतरतो. जळजळ, लाल पुरळ, हनुवटीवरचे बारीक काप यांचं मूळ बहुतेक वेळा या जास्तीच्या जोरात असतं. जोर लावायची वेळच येऊ नये यासाठी केस आधी मऊ करायचा.

केस कशाचा बनलेला असतो ते पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं. डोक्याचा केस आणि दाढीचा केस एकाच द्रव्याचे असतात. ते द्रव्य म्हणजे केराटिन, नखांमध्येही तेच असतं. पण दोघांची बांधणी वेगळी असते. डोक्यावरच्या केसाची जाडी बहुधा एक दशांश मिलिमीटरपेक्षा कमी भरते. दाढीचा केस सहज त्याच्या पुढे जातो. त्याचा आडवा छेद क्वचितच गोल असतो. तो लंबगोल, तिकोनी, कधी एका बाजूने दबलेला दिसतो. केसावर कौलांसारखी एकावर एक रचलेली पातळ खवल्यांची साल असते आणि दाढीच्या केसावर तिचे थर डोक्याच्या केसापेक्षा जास्त असतात. हनुवटीवर आणि वरच्या ओठावर केस सर्वांत जाड आणि दाट, कल्ल्यांपाशी आणि गालावर त्या मानाने हलके. हा फरक लक्षात ठेवावा, तयारीचा क्रम त्यावरच ठरतो.

कोरडा केस तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतका चिवट असतो असं विधान दाढीच्या सामानाच्या जाहिरातींत वारंवार भेटतं. ते ऐकायला अतिशयोक्तीचं वाटतं, पण ताण सोसण्याच्या ताकदीपुरतं ते बरंच खरं आहे. केस आणि तापवून मऊ केलेलं तांबं, दोन्ही तुटण्याआधी जवळपास सारखाच ताण घेतात. दाट दाढीत असे हजारो खुंट उभे असतात आणि पात्याची धार मायक्रोमीटरच्याही अंशाइतकी बारीक असते. कोरड्या दाढीवर ती धार फिरवणं म्हणजे काय, याची कल्पना यावरून येईल.

आता पाणी. केराटिनच्या लांब साखळ्या एकमेकींना दोन प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. गंधकाच्या अणूंमधले बंध पक्के असतात, पाण्याला ते तुटत नाहीत; केस कायमचे कुरळे किंवा सरळ करणारी रसायनं लागतात ती त्यांच्यासाठीच. दुसरे हायड्रोजनचे बंध. एकेकटा बंध दुबळा, पण त्यांची संख्या प्रचंड असते आणि कोरड्या केसाचा ताठरपणा मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळेच असतो. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि हे बंध स्वतःकडे ओढून घेतात. केसाचे धागे एकमेकांवरून सरकू लागतात. पूर्ण भिजलेला केस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी धरतो. तो जाडीने चौदा-पंधरा टक्के फुगतो, लांबीत मात्र जेमतेम एक-दोन टक्के वाढतो, आणि त्याचा ताठरपणा निम्म्याच्याही खाली येतो. बुरूड टोपली विणण्याआधी बांबूच्या कामट्या भिजवून घेतो, कारण कोरडी कामटी वळवायला गेलं की चिरफळते. दाढीच्या केसाचं भिजणं त्याच जातीचं आहे. फुगलेल्या, नरम झालेल्या केसात पातं शिरायला लागणारा जोर कोरड्या केसाच्या मानाने कितीतरी कमी असतो.

हे पाणी आत जायला वेळ लागतो आणि इथेच बहुतेकांची गडबड होते. तोंडावर दोन ओंजळी मारल्या की दाढी ओली झाली असं आपण धरून चालतो. ओला झालेला असतो तो केसाचा पृष्ठभाग. चांगली दाढी कशावर अवलंबून असते याचा शास्त्रीय शोध तसा जुना आहे. लेस्टर हॉलंडर आणि एल्ब्रिज कॅसलमन यांचा या विषयावरचा निबंध 1937 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला होता, आणि पुढे ब्लेड बनवणाऱ्यांनी एकेक केस कापायला किती जोर लागतो ते मोजलं. या सगळ्यातून निघालेला व्यवहारी निष्कर्ष असा, की कोमट-गरम पाण्याच्या सततच्या संपर्कात केस नरम व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि पाणी गार असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. सतत हा शब्द इथे महत्त्वाचा. एकदा भिजवून मग वाळू दिलेला केस पुन्हा पहिल्यासारखा ताठ होतो.

पाण्याच्या वाटेत एक अडथळा असतो, तो म्हणजे तेल. प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते आणि तिचा चिकट स्राव खुंटावर पसरतो. दिवसभराची धूळ त्याला चिकटते. या थरावरून पाणी ओघळून जातं. म्हणून तयारीतलं पहिलं काम साबणाने तोंड धुणं. अंघोळीनंतर लगेच दाढी केली तर हे आपोआप साधतं, आणि राठ दाढीवाल्याने शक्य असेल तेव्हा अंघोळ आधी, दाढी नंतर असा क्रम ठेवावा असं मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे रीत उलटी आहे, आधी दाढी आणि मग अंघोळ. न्हाव्याचा हात लागल्यावर स्नान करायचं, हा त्यामागचा जुना विचार. त्यात जातीच्या विटाळाची कल्पना मिसळलेली होती आणि ती सोडून द्यावी अशीच आहे. केसाच्या दृष्टीने पाहिलं तर या क्रमाने नुकसानच केलं, कारण दाढी सर्वांत जास्त भिजलेली असण्याची वेळ हातची गेली.

अंघोळ शक्य नसेल तर गरम टॉवेल. जपानच्या न्हाव्यांकडे वाफवलेला टॉवेल आणि तुर्कस्तानातल्या दुकानांत गरम टॉवेल हा दाढीचा नेहमीचा भाग आहे. घरी त्यासाठी वेगळं काही लागत नाही. जाडसर सुती नॅपकिन घ्यावा. टेरीचा चालतो, जुना मऊ पंचा चौपदरी केला तरी चालतो. गीझरच्या पाण्यात तो पूर्ण बुडवावा आणि पिळावा, पण कोरडा होईपर्यंत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावा. ऊब सुखाची वाटली पाहिजे. चटका बसला तर चेहऱ्यालाही बसणारच. मग त्याचा मधला भाग हनुवटीखाली धरून दोन्ही टोकं गालांवरून कानांकडे न्यायची. वरच्या ओठावर कापड नीट टेकलंय ना ते बोटाने दाबून पाहायचं, कारण नाकामुळे तिथे नेमकी पोकळी राहते आणि मिशीचा राठ भाग कोरडा राहून जातो. पिळलेला नॅपकिन मिनिटभरात निवतो. निवल्यावर तो तसाच धरून बसण्यात अर्थ नाही, पुन्हा बुडवून पुन्हा लावायचा. असं तीन वेळा केलं की हनुवटीवरून बोटं उलटी फिरवताना फरक कळतो. खुंट बोचत राहतात, पण खरखरत नाहीत.

गरम पाण्याने त्वचेची छिद्रं उघडतात आणि गार पाण्याने मिटतात, ही समजूत मात्र सोडून द्यावी. छिद्राला उघडझाप करणारा स्नायू नसतो. ऊब केसाला पाणी लवकर प्यायला लावते आणि तेलाचा थर सैल करते, तिचा उपयोग एवढाच आणि तो पुष्कळ आहे. पाणी फार कढत घेतलं तर त्वचा लाल होऊन हुळहुळी होते आणि अशा त्वचेवर उघडं पातं फिरवणं बरं नव्हे.

केस भिजला, तरी तो भिजलेला राहायला हवा. फेसाचं काम ते आहे. फेस केसाला मऊ करतो असं आपण म्हणतो; खरं तर मऊ करतं पाणी, आणि फेस त्या पाण्याला केसाभोवती धरून ठेवतो. शिवाय तो पात्याखाली निसरडा पडदा तयार करतो आणि उरलंसुरलं तेल उचलतो. हे नीट समजलं की दाढीचा साबण आणि अंघोळीचा साबण यांतला फरकही समजतो. अंघोळीचा साबण साधारणपणे सोडियमचा, म्हणजे कॉस्टिक सोड्याने बनवलेला. त्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि मिनिटभरात बसतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण मुद्दाम जास्त ठेवतात. हे आम्ल प्राण्यांच्या चरबीतून मिळतं तसं पाम तेलातूनही. आणि सोड्याबरोबर किंवा त्याऐवजी पोटॅशियमचा क्षार वापरतात. पोटॅशियमचा साबण मऊ असतो, पाण्यात लवकर विरघळतो. स्टिअरिक आम्लामुळे फेस बारीक कणांचा, दाट आणि टिकाऊ होतो. खोबरेल तेलाच्या साबणाचं वागणं याच्या उलट. फेस भराभर आणि भरपूर येतो, खाऱ्या पाण्यातही येतो, पण लवकर विरतो. म्हणून दाढीच्या साबणात खोबरेल घातलंच तर फेस लवकर उठावा एवढ्यापुरतं, थोडं.

डब्यातून फसकन बाहेर येणारा तयार फेस पाहिला की काम झाल्यासारखं वाटतं. पण तो फुगतो तो दाबाखालच्या वायूमुळे. त्यात पाणी कमी आणि हवा जास्त असते. आडोसा असलेल्या रेझरला तो पुरतो. राठ दाढी आणि उघडा वस्तरा या जोडीला तो माझ्या मते पुरत नाही. ब्रशने स्वतः फेटलेला फेस हवा, आणि फेटताना पाणी थेंबाथेंबाने वाढवत न्यायला हवं. ब्रश साबणावर घोळवला की पहिल्यांदा येतो तो घट्ट, कोरडा लगदा. पुष्कळजण तिथेच थांबतात, कारण तो चेहऱ्यावर भरघोस दिसतो. त्यात चार-पाच थेंब पाणी घालून पुन्हा फेटायचं, पुन्हा थोडं पाणी, पुन्हा फेटायचं. फेसावर ओलसर चकाकी आली, ब्रश उचलल्यावर त्याचं टोक किंचित खाली वळलं आणि दोन बोटांत चोळून पाहिल्यावर बोटं घसरली की तो तयार झाला. बोटांमध्ये चिकटपणा जाणवला तर पाणी अजून कमी आहे.

महाराष्ट्रात मोठ्या भागात इथे वेगळीच अडचण येते. दख्खनच्या काळ्या दगडातून येणारं बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणातल्या स्टिअरिक आम्लाशी संयोग पावतात आणि न विरघळणारा पांढुरका चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला दिसणारा तोच तो. ज्या साबणाचा फेस व्हायचा त्याचा चोथा होतो, आणि माणूस साबणाला नावं ठेवतो. असा चोथा केसाभोवती बसला तर पाण्याची वाटही अडते. उपाय साधा आहे. फेसाला पाणी लागतं तरी किती, अर्धा कपसुद्धा नाही. पिण्याच्या आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी गरम करून फक्त फेसापुरतं वापरावं. तेही नसेल तर पाणी खळखळून उकळावं, निवू द्यावं आणि वरचं निवळ घ्यावं. उकळल्यावर भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तो पाण्यातल्या जडपणाचाच निघून गेलेला भाग. सगळा जडपणा उकळून जात नाही, पण फेसात फरक लगेच दिसतो.

ब्रशचं काम फेस लावून संपत नाही. तो गालावर गोल गोल, मग केसांच्या उलट्या दिशेने फिरवायचा. आडवे पडलेले खुंट त्याने उभे राहतात, साबण मुळापर्यंत पोचतो आणि मेलेल्या त्वचेचे कणही निघतात. बिजू या प्राण्याच्या केसांचा ब्रश पाणी जास्त धरतो. डुकराच्या राठ केसांचा ब्रश खुंट उचलायला चांगला, पण वापरण्याआधी तो पाण्यात भिजत ठेवावा लागतो. हल्लीचे कृत्रिम धाग्यांचे ब्रश लवकर वाळतात आणि टिकतात. मला राठ दाढीला डुकराच्या केसांचा ब्रश जास्त पटतो. ज्यांना प्राण्याच्या केसांचं वावडं आहे त्यांनी कृत्रिम ब्रश खुशाल घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. कोणताही ब्रश असो, तो धुऊन, झटकून, हवेशीर जागी वाळवायला हवा. यामागे केवळ टापटीप नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत दाढी करणाऱ्यांना, त्यांत पुष्कळ सैनिकांना, चेहऱ्यावर अँथ्रॅक्सची लागण झाली. शोध घेतल्यावर ती घोड्याच्या केसांच्या स्वस्त ब्रशांपर्यंत जाऊन पोचली. युद्धामुळे केसांचे नेहमीचे पुरवठे विस्कळीत झाले होते आणि नीट निर्जंतुक न केलेले केस बाजारात आले होते. काही माणसं त्यात दगावली.

ब्रश आणि दाढीचा साबण गावोगाव पोचण्याआधी आपल्याकडची राठ दाढी कशी भिजत असे? निव्वळ पाण्याने आणि बोटांनी. बारा बलुतेदारांतला न्हावी काखेला धोकटी मारून दारी येई. धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा आणि एक वाटी. वाटीत पाणी घेऊन तो समोरासमोर उकिडवा बसे आणि गालाला, हनुवटीला, गळ्याला बोटांनी पाणी चोळत राही. थोडं पाणी, बरंच चोळणं, पुन्हा पाणी. गप्पा चालू असत आणि दाढी भिजत असे. आजच्या घाईला हे चोळणं वेळकाढूपणा वाटेल, पण वर पाहिलेला सगळा हिशेब त्यात बसतो. पाण्याचा सततचा संपर्क होता, बोटांची ऊब होती, तेलाचा थर सुटत होता आणि खुंट कोणत्या दिशेने वळलेत याचा अंदाज बोटांना मिळत होता. संत सेना महाराजांच्या प्रसिद्ध अभंगात त्यांच्या व्यवसायातली हत्यारं आणि कृती परमार्थाची रूपकं होऊन येतात. त्यांत विवेकाचा आरसा आणि वैराग्याचा चिमटा आहे, तसं डोईला घोळण्याचं शांतीचं पाणीही आहे. हातात वस्तरा धरणाऱ्या माणसाने पाण्याला दिलेलं हे स्थान मला फार महत्त्वाचं वाटतं.

शहरी सलूनमध्ये हे सारं आता काही सेकंदांवर आलंय. फवाऱ्याच्या बाटलीने दोन-तीन फुसकारे, क्रीमचा ठिपका, ब्रशचे आठ-दहा फेरे, आणि पातं सुरू. पातंही बदललं आहे. वस्तऱ्यासारख्या दांड्यात दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा घेतात. रक्तातून पसरणारे रोग टाळण्यासाठी हा बदल आवश्यकच होता आणि नवा तुकडा आपल्यासमोर बसवला जातोय ना, हे प्रत्येकाने पाहावं. पण अर्धं ब्लेड जुन्या वस्तऱ्यापेक्षा हलकं आणि पातळ असतं, त्वचेत शिरायला तत्पर. म्हणजे तयारी कमी झाली त्याच काळात पातं जास्त अवखळ झालं. ज्याची दाढी राठ आहे त्याने खुर्चीत बसल्या बसल्या गरम टॉवेल मागावा, आणि फेस लावून झाल्यावर दोन मिनिटं थांबायला सांगावं. चांगला कारागीर अशा मागणीने रागावत नाही.

तेलाबद्दल थोडक्यात. दाढीआधी लावायची सुगंधी तेलं बाजारात आहेत, घरोघरी खोबरेल आहेच. कोरड्या खुंटावर तेल चोळणं चूक आहे, कारण जो थर आपण धुऊन काढला तोच पुन्हा चढवतो. केस पूर्ण भिजल्यावर, ओल्या त्वचेवर तीन-चार थेंब पसरले तर वस्तरा थोडा अधिक घसरतो आणि आत गेलेलं पाणी उडून जायला वेळ लागतो. पण जास्त झालं तर फेस बसतो. ज्याला दाट फेस जमतो त्याला तेलाची गरज पडत नाही असं मला वाटतं.

आणखी एक समजूत वारंवार ऐकू येते. लवकर वयात वस्तरा लावला म्हणून दाढी राठ झाली, असं वडीलधारे सांगतात. 1928 साली अमेरिकेतल्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढी करण्याने केसाचा रंग, जाडी किंवा वाढ बदलते का हे तपासलं. बदल होत नाही असं त्यांना आढळलं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, न कापलेल्याचं निमुळतं. हाताला जो राठपणा लागतो तो या बोथट टोकाचा. राठ दाढी ही बव्हंशी घराण्याकडून आणि हार्मोन्सकडून येते. ज्याला ती आली त्याने स्वतःला दोष देऊ नये.

दाढीच्या केसाने पोलादाचं काय होतं याचा एक सुंदर प्रयोग अलीकडे झाला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जानलुका रोशोली, जेम तसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि 2020 साली सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध केला. केस पोलादाच्या मानाने सुमारे पन्नास पटींनी नरम, तरी पातं काही दाढ्यांत खराब कसं होतं, हा प्रश्न होता. रोशोली यांनी वापरून टाकायच्या रेझरने स्वतःची दाढी केली आणि पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धार झिजून गोल झाली असेल असं वाटत होतं. दिसले ते धारेचे बारीक टवके उडालेले. मग सूक्ष्मदर्शकाच्या आतच एकेक केस कापून पाहिला. केस घट्ट धरलेला आणि पात्याला काटकोनात असला तर टवका उडत नव्हता. केस मोकळा असून वाकू शकला, पातं तिरकं आलं आणि धारेत पोलादाची घडण जिथे बदलते नेमक्या त्या ठिकाणी केसाची कड येऊन भिडली, की टवका उडत होता. हा प्रयोग फेकून द्यायच्या पात्यांचा होता आणि त्याचा विषय पाणी नव्हता, तेव्हा त्यातून वस्तऱ्याबद्दल फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण चांगल्या धारेचंही नुकसान इतक्या मऊ वस्तूने होतं हे त्याने डोळ्यांना दाखवलं. वस्तरा वर्षानुवर्षं वापरायचा असतो; दर दाढीआधी तो चामड्यावर पाजळण्याची जुनी शिस्त का होती, तेही त्यावरून उमगतं.

तयारीत बोटांची एक तपासणी राहिली. फेस लावण्याआधी, केस भिजलेले असताना, गालावरून आणि गळ्यावरून चारी दिशांनी बोट फिरवावं. ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो ती केसाची दिशा. गालावर ती बहुधा वरून खाली असते. गळ्यावर मात्र नेम नाही: कंठाच्या एका बाजूला केस वर जातात, दुसऱ्या बाजूला कानाकडे वळतात, मध्ये एखादा भोवरा असतो. पहिला हात नेहमी केसाच्या दिशेने. ज्यांची दाढी राठ आणि शिवाय कुरळी आहे त्यांनी दुसरा, उलटा हात टाळलेलाच बरा. उलट्या हाताने कापलेलं कुरळं टोक त्वचेच्या पातळीखाली राहतं आणि वाढताना वळून आतच शिरतं. मग गळ्यावर दुखऱ्या पुटकुळ्या उठतात. अशा माणसाने किंचित खुंट राहू द्यावेत. पुटकुळ्या आधीच उठलेल्या असतील तर त्या बऱ्या होईपर्यंत वस्तरा बंद ठेवावा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

आता क्रम. फेस लावायला सुरुवात हनुवटी आणि वरच्या ओठापासून करावी, कल्ले आणि गाल शेवटी. वस्तरा मात्र उलट्या क्रमाने चालवावा: आधी कल्ल्यापासून गाल, मग गळा, सर्वांत शेवटी ओठ आणि हनुवटी. सर्वांत राठ केसाला त्यामुळे भिजायला सर्वांत जास्त वेळ मिळतो. पहिला थर लावून दोन मिनिटं राहू द्यावा, तो वाळायला लागला तर वरून ओला ब्रश फिरवावा. मग तो पुसून टाकून ताजा थर लावला तर फारच चांगलं. हट्टी दाढीला माझी शिफारस दोनदा फेस लावण्याचीच आहे. गालाचं काम चालू असताना हनुवटीवरचा फेस सुकत असतो, म्हणून तिकडे वळण्याआधी ओला ब्रश पुन्हा फिरवायचा. पंख्याखाली दाढी करणाऱ्यांनी तेवढा वेळ पंखा बंद ठेवावा.

पहिला फटका कल्ल्याखाली, दुसऱ्या हाताने त्वचा वरच्या बाजूला ताणून, एखाद्या इंचाचाच मारावा आणि कान द्यावा. नीट भिजलेल्या दाढीवर वस्तऱ्याचा बारीक, एकसारखा कुरकुर आवाज येतो आणि हाताला ओढ जाणवत नाही. आवाज तुटक आला, केस ओढल्यासारखा वाटला, तर पातं मिटवून ठेवावं. धार तपासायची ती नंतर. आधी नॅपकिन पुन्हा गरम पाण्यात बुडवावा.